टॉलिव्हरला ठेवावं की नारळ द्यावा

रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय मार्लीनताई,

धाकट्या भावाचा, गुडघा वाकतो तितकंच वाकून, नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत. तुम्हीही बरेच असाल असं धरून चालतो, कारण बरं नसलं की तू सांगत नाहीस आणि बरं असलं की फोन करत नाहीस, त्यामुळे आम्हाला दोन्ही सारखंच. खांद्याचं काय? ऑपरेशन होऊन उन्हाळा सरला, आता वरच्या फळीवरचा डबा काढता येतो का? दाजी अजून गॅरेजमध्ये लपून चीज खातात का? (खात असतील तर खाऊ दे. माणसाला लपून करण्यासारखं काहीतरी हवं.) तुझी भावजय रोक्सॅन मजेत आहे, भोपळ्याची पाय-पेस्ट्री भाजायची तयारी चालली आहे. यंदा बर्फ उशिरा आहे, म्हणून काउंटीची रस्ते साफ करायची गाडी शेडमध्ये बसून आहे आणि तिचा ड्रायव्हर, म्हणजे मी, घरात बसून आहे. हाताला काम नाही, त्यामुळे पत्र लांबणार. कॉफी घेऊन बस.

तू मागच्या कार्डावर खाली बारीक अक्षरात विचारलं होतंस, की आपल्या आइसब्रेकर्सनी, म्हणजे हातात चेंडू घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघाने, टॉलिव्हरला पुढच्या हंगामात ठेवावं की नारळ द्यावा, तुझं मत काय. मला जरा नवलच वाटलं. (सामना चालू असताना तू खाली मान घालून गोधडी शिवतेस आणि कोण जिंकलं ते जेवताना विचारतेस.) ताई, हा प्रश्न सध्या आमच्या गावात कोणी कोणाला सहज विचारत नाही. शुक्रवारी मासे खायला लोक जमतात तेव्हा ठेवा म्हणणारे खिडकीकडे बसतात, काढा म्हणणारे बारकडे, आणि पाद्रीबाबा मध्ये उभ्याने जेवतात. माणूस चौतीस वर्षांचा. एके काळी काय पळायचा! चार जणांच्या मधून उडी मारून चेंडू काढायचा. आता पगार चढता आणि पाय उतरते. त्याच्या एकट्याच्या पैशात दोन तरणे पळणारे येतील, वर एक दांडगा अडवणारा येईल, असं पेपरवाले लिहितात. माझं मत सगळ्या काउंटीला ठाऊक आहे, कारण दोन वर्षं मी गाडीतून रेडिओवरच्या खेळाच्या कार्यक्रमाला फोन करतो आणि ते मला 'बर्फवाला डुएन' म्हणतात. (गाडी उभी करून करतो. तरी रोक्सॅनला सांगायची गरज नाही.) ऑक्टोबरात त्याने हातातला झेल सोडला तेव्हा मी म्हणालो, की आदर आहे, पण आता पुरे. त्याला रेषेबाहेर एक घडीची खुर्ची द्या, मांडीवर पांघरूण द्या, हातात गरम कोको द्या आणि टाळ्या वाजवा. हे वाक्य लोकांना फार आवडलं. आठवडाभर ते वाजवत होते.

तर झालं असं, की माझ्या वाढदिवसाला तुझे चिरंजीव कोल्टन एक लांबट खोकं घेऊन आले. आत घडीची खुर्ची. हाताशी पेला ठेवायची जाळी, मागे डोकं टेकायला उशी, सोबत चौकड्यांचं पांघरूण आणि कोकोचा डबा. खुर्ची उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मी म्हटलं, वा, शिकारीला नेईन. तर म्हणतो कसा, "शिकारीला नाही मामा, थँक्सगिव्हिंगच्या मॅचला. यंदा पोरं खूप झालीत. तू आपला बाहेर बसून मस्त बघ. आणि आयडिया तुझीच आहे हं, रेडिओवर ऐकली!" रोक्सॅन इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. माझ्याच खुर्चीत. आता तुला सांगायला नको, पण बाबांनी तुमच्या मागच्या कुरणात पहिली मॅच लावली तेव्हापासून टर्की ओव्हनमध्ये गेली की आपण मैदानात. फेकणार तू, पळत जाऊन झेलणार मी, आणि हरतील त्यांनी भांडी घासायची. मी टर्कीची चिकट परात कितीदा घासली असेन देव जाणे, पण बाहेर बसून कोको कधी प्यालो नाही. मला वाईट वाटलं, ताई. सरळच सांगतो, फार वाईट वाटलं.

त्यानंतर मी टॉलिव्हरच्या प्रश्नाचा शांत डोक्याने फेरविचार केला. (खुर्चीशी याचा काही संबंध नाही.) तो हल्ली पळत नाही, हे खरं. पण चेंडू कुठे येणार हे त्याला आधी कळतं. तरणे पोरगे धापा टाकत जिथे पोचतात तिथे हा आधीच उभा असतो, भाजीच्या रांगेत उभं राहावं तसा. मग काही झेल सुटतात. सुटू देत की! कोणाचे सुटत नाहीत? सोमवारी मी फोन लावला आणि जुनं ते सोनं या विषयावर बोललो. कार्यक्रमवाला म्हणाला, "डुएनभाऊ, जरा थांबा, तुमच्या विरुद्ध बोलणारे एक गृहस्थ आहेत, त्यांचं ऐका." आणि त्या मेल्याने माझीच टेप लावली. रेडिओवर आपला आवाज आपल्याला कुठे ओळखू येतो? मी तावातावाने विचारलं, की म्हाताऱ्या माणसाबद्दल असं बोलायला या इसमाला आई-बापांनी काही शिकवलं की नाही? तेवढ्यात पुढे कोको आला आणि मी फोन ठेवला. (आई-बाप कोण ते तुला ठाऊकच आहे.) आता शेडवर हजेरी लावायला गेलो की तिथली पोरं माझ्या डब्याशेजारी कोकोच्या पुड्या ठेवतात. मी त्या घरी आणतो. चांगल्या असतात.

मग म्हटलं, बोलून उपयोग नाही, करून दाखवावं. काल हरणांच्या शिकारीचा मोसम उघडला. गावातले झाडून सगळे पुरुष रानात, मागची आवारं मोकळी, बघणारं कोणी नाही. रोक्सॅनला मागच्या पायरीवर उभी केली. तिने जन्मात चेंडू फेकला नाही, पण माझ्यावर जोडे फेकले आहेत, त्यामुळे नेम चांगला आहे. मी आपली नेहमीची धाव घेतली: सरळ जायचं, डावीकडे वळायचं आणि मान मागे करून चेंडू बघत राहायचं. पायाखाली बघायचं नाही, चेंडूकडे बघायचं, हे तूच शिकवलंस. म्हणून मी पायाखाली बघितलं नाही आणि समोरही बघितलं नाही. शेजारच्या वेंडेलला सकाळीच हरण मिळालं होतं. त्याने ते रीतीप्रमाणे आमच्या दोघांच्या हद्दीवरच्या मेपलला टांगलं होतं. मी पूर्ण वेगात (जो काही आहे तो) त्या हरणात शिरलो. आम्ही दोघंही एकदा झुललो, मग फांदी मोडली आणि मी खाली, हरण वर, असे पडलो. वेंडेल कॉफीचा मग घेऊन बाहेर आला, थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "डुएन, ते मेलेलंच होतं रे." मग आणखी थोडा विचार करून म्हणाला, "आणि तुझा परवाना कुठाय?" रोक्सॅन आली ती आधी हरण उचलायला. असो. बरगडीला मुका मार आहे, बाकी धडधाकट. मुद्दा असा, की चेंडू माझ्या छातीशी होता. झेल सुटला नाही. वेंडेल साक्षीला आहे, तो खोटं बोलत नाही, त्याला तेवढं बोलायचाच कंटाळा आहे.

तेव्हा माझं पक्कं मत असं, की टॉलिव्हरला ठेवावं. थोडा पगार कापावा, थोडा मान द्यावा, प्रत्येक वेळी पळवू नये, पण यादीतून नाव काढू नये. आणि हेच धोरण सगळीकडे लागू करावं, असं मी म्हणतो. तू कोल्टनच्या कानावर घातलंस तर तो ऐकेल. रेडिओवर कोणी काहीही बोलो, आईपुढे त्याचं काय चालणार? आणखी काय लिहू, वाकून लिहिताना बरगडी बोलते. दाजींना नमस्कार. त्यांच्यासाठी रोक्सॅन चीज पाठवते आहे, ते तू बघितलं नाहीस असं कर.

तुझा धाकटा भाऊ,
डुएन (अजून झेलणारा)

ता. क. वरचं सगळं सामन्याच्या आधी लिहिलं होतं. आज टॉलिव्हरने पुन्हा दोन सोपे झेल सोडले, एक तर थेट पोटात आला होता. त्याला नारळ द्यायचा तर खुशाल द्या, माझी काही हरकत नाही. तो कुठेही जाईल, पैसे आहेत त्याच्याकडे. कुरणाचं मात्र मी लिहिलं तेच.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो तर रोक्सॅन म्हणाली, की कोल्टनने खुर्च्या दोन घेतल्या, दुकानात जोडीला सवलत होती. दुसरी तुझ्या तळघरात आहे. आणि तूच त्याला सांगितलंस म्हणे, की खांदा वर जात नाही, यंदापासून चेंडू तू फेक, मी बाहेर बसते. हे तिला महिनाभर ठाऊक होतं. मला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही. मी तुझं कार्ड पुन्हा काढून वाचलं. अगं ताई, तू टॉलिव्हरबद्दल विचारतच नव्हतीस. आणि मी गाढव, पानंच्या पानं स्वतःबद्दल लिहून बसलो. ती आता फाडत नाही, हरणाचं तेवढं वाचून हस.

ता. क. शेवटचा. तुझ्या प्रश्नाचं उत्तर: ठेवावं. कोल्टन चांगला फेकतो, पण त्याचा चेंडू कुठे येणार ते मला कळत नाही. मला फक्त तुझाच कळतो. बुधवारी दुपारीच येतो, पाहुणे यायच्या आत. चेंडू मी आणतो. गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला, पहिला चेंडू तू फेकायचास, माझ्याकडे, एवढं एकच मागतो. मग दोघंही खुर्च्या टाकून बसू आणि पोरांना नावं ठेवू. खांदा दुखत असेल तर हळू फेक. मीही हळूच पळतो.