सगळ्यात मोठा चिमटा

७ नोव्हेंबर १९५९, यवत
पोहोचले! मोटारीतून उतरते तो डॉक्टर हौसराव स्वतः माझी ट्रंक उचलायला हजर. हमरस्त्यालगतचं त्यांचं नवं इस्पितळ लख्ख पांढरं आहे. मला पुढची खोली दिली आहे, खिडकीतून उसाचे मळे दिसतात. पुण्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून हयात गेली. निवृत्तीनंतर भाचीकडे तांदूळ निवडत बसण्यापेक्षा हे झकास. आया सगुणाबाई लाघवी आहे. हत्यारांचं कपाट पाहून मात्र डोकं फिरलं. चिमटे नि कात्र्या एकाच डब्यात कोंबलेल्या! जिथं शिकले त्या कॉन्व्हेंटातल्या नन्सनी कान उपटले असते. डॉक्टरांना तसं सुनावलं. हसले.

९ नोव्हेंबर
आज चिमटे निवडले. वर्षानुवर्षं छातीत जळजळ असली की अन्ननलिकेचं फिकट अस्तर जातं आणि पोटातल्यासारखं लाल, मखमली अस्तर वर चढत येतं. बॅरेट नावाच्या विलायती डॉक्टरनं त्यावर लिहिलं आहे. त्यात कॅन्सर आहे का हे कळायला नळी घालून तुकडा काढायचा आणि पुण्याला तपासायला धाडायचा. बारीक वाटीचा चिमटा नुसता चुरा काढतो. मधला बरा, त्याच्या वाट्यांत सुई असते, तुकडा निसटत नाही. मोठा अन्ननलिकेत वाढलेल्या गाठीसाठी. सपाट अस्तराला लावला तर स्नायूसकट लचका तोडील. मी मधला उकळायला काढला. डॉक्टर मोठाच हातात खेळवत होते. म्हणाले, तुमच्या नन्स फार भित्र्या दिसतात. मी म्हटलं, नन्स भित्र्या होत्या, पेशंट जिवंत होते.

१३ नोव्हेंबर
खुटबावची सुलतानबी आली, सोबत नवरा सुभान. म्हणाली, छातीत निखारा ठिवल्यागत हाय बाई. मधल्या चिमट्यानं चांगला तुकडा निघाला. डॉक्टरांना तो उथळ वाटला. त्यांनी मोठा मागितला. मी नाही म्हटलं. त्यांनी स्वतः उचलला. नळीतून कापड फाटल्यासारखा आवाज आला.

१४ नोव्हेंबर
सुलतानबीची मान सुजली आहे. बोट दाबलं की कातडीखाली कुरकुरतं. हवा! अन्ननलिका फाटली आहे. तोंडात थेंब घालू नका, गिळलेलं छातीत सांडेल, आत्ता पुण्याला हलवा, असं मी ओरडून सांगितलं. डॉक्टर सुभानला म्हणाले, सिस्टर म्हातारी झाली, उगाच घाबरवते. मग सगळ्यांदेखत त्यांनी तिला पेलाभर बार्लीचं पाणी पाजलं. बघा, गिळतीय की! सुभान त्यांच्या पाया पडला.

१६ नोव्हेंबर
सुलतानबी गेली. छातीत पू. डॉक्टरांनी हार्ट फेल सांगितलं.
पुण्याहून उत्तर आलं: कॅन्सर नाही, तुकडा उत्तम खोल. हे त्यांनी मला आनंदानं वाचून दाखवलं. उद्या पुण्याचे बडे सर्जन इस्पितळ पाहायला येणार आहेत. त्यांना मी सगळं सांगणार, तेही तोंडावर सांगितलं.
ते शांतपणे म्हणाले, सिस्टर, तुम्हीही जळजळीवर रोज सोडा खाता. एकदा आत बघायला हवं.
सगुणाबाईनं चहा आणला. कडू आहे. जीभ जड—

१७ नोव्हेंबर, सकाळ
आवाज नाही. घसा सोललेला. दातांना रक्त.
सगुणाबाई म्हणते, घास अडकला व्हता बाई, डाक्टरांनी काढला म्हनून वाचलात.
डॉक्टर येऊन गेले. बाटलीत लाल तुकडा. तुमचाच, म्हणाले. फार सुरेख आला.

नंतर
मान सुजते आहे. दाबून पाहिलं.
कुरकुरतं.
काही गिळायचं नाही. थुंकीही नाही. सर्जन येईपर्यंत तोंड मिटून— ते मान पाहतील. एका बोटात कळेल त्यांना.

सगुणाबाई पेला घेऊन आली. बार्ली. मी ढकलला. हसली. डाक्टर म्हनलेच, बाई हट्ट करतील, नाक दाबून पाजा. सायेब यायच्या आत पाजा.
तिचा जीव आहे माझ्यावर. डोळे पुसते माझे.
हातांनी सांगितलं. बाळाला धरावं तसे हात धरले तिनं.

लिहून दाखवते—
पाजू नकोस सगुणा आतून फाटलंय मी मरेन

पान तिच्या तोंडापुढं धरलं. बघत राहिली. अक्षर किती ग्वाड हाय बाई, म्हणाली. वाचता येत असतं तर—

पाजू नको पाजू न

उजवा हात सुटा आहे अजून. बाहेर मोटार— आले, सर्जन आ—

नाक—