अप्पा, मी मास्तर होणार नाही

अप्पा,

वर 'प्रिय' लिहायला गेले होते, पण आज हात वळेना. राग आहे तुमच्यावर. तुम्ही गेल्यापासून सगळे तुमच्याबद्दल हळू आवाजात आणि चांगलंच बोलतात. अशा घरात राग काढायचा कुणावर? म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

आज सकाळी सुदाम काका आपल्या ओट्यावरून चहा न पिता उठून गेले. मायनं ठेवलेल्या कपावर साय धरली. जाता जाता तुमचे हे धाकटे बंधू शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, की मारोतीच्या पोरीनं मेलेल्या बापाचा शब्द मोडला. एव्हाना गावभर झालं असेल. उद्या हट्टा गावी आत्याच्या कानावर जाईल. तुम्हाला ते माझ्याकडून कळलेलं बरं. आणि तो शब्द कसला होता, हेही आपल्या दोघांत एकदा स्पष्ट होऊ दे!

मार्चमधला तो दिवस आठवतो का? गेटचा निकाल लागला आणि मी संभाजीनगरहून मिळेल त्या गाडीनं आले. घरी न जाता थेट शाळेत आले. तुम्ही वऱ्हांड्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधत होता. इंजिनिअरिंगच्या पुढं शिकायला ही परीक्षा द्यावी लागते, हे मी आधी सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही हसला होता. "म्या जिंदगीभर शाळेचं गेट उघडलं, आता तू तुझं उघड," असं म्हणाला होता. तर त्या दिवशी मी सांगितलं, की अप्पा, गेट निघाली, आता मी मास्टर्स करणार.

मास्टर्स! मेली माझी जीभ. एम.टेक. म्हणाले असते, पुढचं शिक्षण म्हणाले असते, काहीही म्हणाले असते तर आज ही वेळ आली नसती. तुमच्या कानात शिरलं ते मास्तर. हातातली सुतळी टाकून तुम्ही तडक स्टाफरूममध्ये गेलात आणि सांगितलंत, "माझी लेक मास्तर व्हनार." शाळेतले सगळे मास्तर केव्हाच 'सर' झाले, तुमच्या तोंडी मात्र मास्तरच राहिले. संध्याकाळी कुरुंद्याहून पेढे आणलेत. मी गल्लीतून गेले की बायका विचारायच्या, कोणता विषय शिकवनार गं तू?

मी तुम्हाला समजावलं नव्हतं का? पुढच्या रविवारी दुपारी समोर बसवून सगळं सांगितलं. तुम्ही इतकं नीट ऐकत होता, की मला वाटलं समजलं. शेवटी एकच प्रश्न विचारलात. "मंग हे शिकल्यावर मास्तर होता येतं का न्हाई?" मी म्हणाले, येतं, पण... आणि तुम्ही उठून चपला घातल्या. माझा तो 'पण' तुम्ही कधीच ऐकला नाही. आज ऐका. आता तुम्हाला उठून जाता येणार नाही.

इलेक्ट्रिकल घेतलं तेव्हा काकांनी विचारलं होतं, पोरगी खांबावर चढनार का? तर खांबापासूनच सुरू करते. माझ्या शाखेतून पुढं जायच्या वाटा पुष्कळ आहेत. विजेच्या बाजूनं गेलं तर मोठ्या लाईनी, सबस्टेशन, मोटारी, सोलर. कंप्युटरच्या बाजूनं गेलं तर प्रोग्राम, चिपा, यंत्राला शिकवायचं शास्त्र. माझ्या वर्गातली निम्म्याहून जास्त पोरं इलेक्ट्रिकल शिकून कंप्युटरकडे पळाली, कारण पगार तिकडं आहे. मला त्यांचा राग नाही. पण मला दोन्हीच्या मधलं हवं आहे. तसा विषय असतो, अप्पा. आपल्या गावात कुणी ऐकला नाही म्हणून तो नसतो असं नाही.

डिग्र्याही वेगवेगळ्या असतात. एम.टेक. म्हणजे वर्षभर वर्ग आणि परीक्षा, मग एक प्रकल्प, की लागले नोकरीला. एम.एस. म्हणजे वर्ग थोडे आणि संशोधन फार. एका मार्गदर्शकाच्या हाताखाली एकच प्रश्न धरून बसायचं आणि शेवटी प्रबंध लिहायचा. थेट पीएच.डी.लाही जाता येतं, पण तेवढी माझी अजून तयारी नाही. मी एम.एस.ची मुलाखत दिली. दूर दक्षिणेतली सरकारी संस्था आहे. निवड झाली. विद्यावेतन मिळतं, घरून काही लागणार नाही. हे तुम्हाला आधी सांगते, कारण काकांचा पहिला प्रश्न तोच होता.

आणि माझा प्रश्न काय आहे, विचारा ना! पांडू मामाची बैलजोडी हळदीच्या वावरात तुटलेल्या तारेला चिकटून मेली, तेव्हा तुम्हीही बघायला गेला होता. सगळे म्हणत होते, तार तुटून खाली पडली तर फ्यूज काहून उडाला न्हाई? जमीन कोरडी असली की तारेतून इतकी थोडी वीज जमिनीत जाते, की फ्यूजला वाटतं सगळं ठीक चाललंय. पण तेवढीच वीज बैलाला पुरते, माणसालाही पुरते. पडलेल्या तारेतून जाणाऱ्या विजेची चाल मात्र थोडी वेडीवाकडी असते, आणि ती कंप्युटरला ओळखता येऊ शकते. ओळखली की लाईन आपोआप बंद करता येईल. यावर मला काम करायचं आहे. मुलाखतीत मी पांडू मामाच्या बैलांचं सांगितलं. कुणी हसलं नाही.

तुम्हाला हे कळलं नसतं? कळलं असतं! तुम्ही काय अडाणी होता का? ऐकायचंच नव्हतं तुम्हाला.

मग एप्रिलात शाळेतून आलात, छातीत जळजळतंय म्हणालात, पित्त असेल म्हणून सोडा प्यायलात. नांदेडच्या दवाखान्याच्या वाटेवरच गेलात. त्याचा राग वेगळा आहे, तो आज काढत नाही.

तुमच्या पुण्यानुमोदनाला वसमतहून भंतेजी आले होते. शाळेच्या ओळखपत्रावरचा तुमचा फोटो मोठा करून घेतला होता, शिपायाच्या गणवेशातला. त्रिशरण, पंचशील झालं आणि लोक दोन शब्द बोलायला उठू लागले. तुमचं कौतुक ऐकून मला बरं वाटत होतं. मग सुदाम काकांनी माईक घेतला. रडत रडतच बोलले बिचारे. कालकथित मारोतीची एकच इच्छा बाकी राहिली, त्याच्या लेकीनं मास्तर व्हावं, आणि आपण ती पुरी करणार, असं त्यांनी सगळ्यांपुढं सांगितलं. तुमचे मुख्याध्यापक लगेच उठले. वसमतला ओळखीच्या संस्थेच्या तंत्रनिकेतनात शिकवायची जागा आहे, नुसत्या इंजिनिअरिंगवर घेतात, पोरीचं काम झालंच समजा, म्हणाले. मागून कुणीतरी 'साधू' म्हणालं. मग सगळा मांडव म्हणाला, साधू, साधू, साधू.

पांढऱ्या साडीत, मायच्या बाजूला, खाली मान घालून मी बसले होते. त्या वेळी उठून काय बोलणार होते मी? की काका, अप्पांनी चुकीचं ऐकलं होतं? तिथं एकदा सगळ्यांनी साधू म्हणून मान्य केलं की झालं. त्यानंतर जो तो मला तुमचा शब्द सांगायचा. तुम्ही जिवंत असता तर मी भांडले असते, रुसले असते, चार दिवस बोलले नसते आणि तुम्ही ऐकलं असतं. गेलेल्या माणसाशी भांडायचं कसं? तुम्ही मोकळे झालात आणि तुमचा शब्द मागं राहिला, माझ्या मागं लागायला.

मुलाखतही मी चोरून दिली. नांदेडला मैत्रिणीकडं जाते म्हणून सांगितलं आणि तिच्या खोलीत बसून ऑनलाईन दिली. चोरी होती का ती?

काल मायजवळ मात्र सगळं बोलून टाकलं. ती ज्वारी निवडत होती. म्हणाले, शुक्रवारपर्यंत कळवलं नाही तर जागा जाते. काका उद्या मला वसमतला रुजू करायला न्यायला येणार. आणि हे सगळं कशामुळं, तर अप्पांना एक शब्द धड ऐकू आला नाही म्हणून! खूप बोलले मी. माय निवडत राहिली. मग सूप बाजूला सारून म्हणाली,

"त्याला ठाव व्हतं."

मला आधी कळेचना. मग तिनं सांगितलं. आपल्या त्या रविवारनंतर तुम्ही शाळेतल्या कंप्युटरच्या मॅडमना एकटं गाठून विचारलंत. त्यांनी सांगितलं, की मास्टर्स म्हणजे मास्तर नव्हे, ही मोठी डिग्री आहे, मुलगी संशोधनही करेल. घरी येऊन तुम्ही जेवला नाहीत. माय म्हणाली, चुकलं तर चुकलं, उद्या सांगून टाका सगळ्यायला. आणि तुम्ही तिला म्हणालात, "आता कसं सांगू? मला खुर्ची दिली त्यांनी."

अप्पा, तुम्ही नोकरीला लागल्यापासून तुमचं स्टूल स्टाफरूमच्या दाराबाहेर होतं, हे मी लहानपणापासून बघितलंय. त्याच शाळेत शिकले मी. तुम्ही चहा करायचा, आत न्यायचा आणि आपला कप घेऊन बाहेर यायचा. शिपाई म्हणून, की आणखी कशामुळं, ते मी कधी विचारलं नाही. तुम्हीही बोलला नाहीत. पण पेढे वाटले त्या दिवशी कुणी सर म्हणाले, बसा मारोतराव, आता तुमी आमच्या बिरादरीतले. आणि खुर्ची सरकवली. त्या दिवसापासून तुम्ही आत बसून चहा प्यायला लागलात. मायला म्हणाला होता, "रिटायर होईस्तोर राहू दे. मंग मीच सांगतो."

जूनमध्ये रिटायर होणार होता तुम्ही.

इतकी चिडले मी, की निवडलेली ज्वारी हातानं विस्कटली. खुर्चीसाठी? एका खुर्चीसाठी माझ्याबद्दलचं सगळं चुकीचं राहू दिलंत? मला तरी सांगायचं! मी गप्प बसले असते जूनपर्यंत. पेढेसुद्धा वाटले असते तुमच्याबरोबर. माय म्हणाली, "त्याच्यावर काहून चिडून राहिली? खुर्ची देणाऱ्यावर चिड." त्यांच्यावरही चिडलेच आहे. लेक आपल्यातली होणार म्हटल्यावर माणूस बसायच्या लायकीचा झाला! आणि आधी? तुमच्या हातचा चहा गोड लागत होताच ना त्यांना? पण त्यांच्यावर चिडून तुमच्यावरचा राग कमी होत नाही, अप्पा. तो वेगळा आहे. तुम्ही मला परकं धरलंत.

सकाळी काका आले. नवा शर्ट घालून, माझी पिशवी उचलायलाच हात पुढं केला. मी म्हणाले, मी वसमतला येत नाही, मी पुढं शिकायला जाणार. आधी त्यांना थट्टा वाटली. मग समजावलं, मग विद्यावेतनाचं विचारलं, मग ओरडले. शेवटी डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "त्याचा शब्द मोडून राहिली तू? बापाचा?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं. अप्पांना माहीत होतं काका, मायला विचारा. एवढंच म्हणायचं होतं. एका वाक्यात सुटले असते मी. काकांनी उलट स्वतःच मला स्टेशनवर सोडलं असतं. पण मग काका मुख्याध्यापकांकडं गेले असते, मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये सांगितलं असतं, आणि त्या खोलीत सगळे हसले असते. मारोतीनं खुर्चीसाठी खोटं चालवलं म्हणून. माय चुलीपाशी उभी राहून माझ्याकडं बघत होती. नको म्हणाली नाही, सांग म्हणाली नाही.

मी म्हणाले, "व्हय काका, मोडून राहिले."

ते गेल्यावर मी शाळेमागच्या पाण्याच्या टाकीपाशी गेले, तिथं नेटवर्क मिळतं. जागा स्वीकारल्याचं कळवलं. पुढच्या महिन्यात जाते. माय आत्याकडं राहील म्हणते, आत्या आपल्याशी बोलली तर. न बोलली तर इथंच राहीन म्हणते.

राग गेलेला नाही. तो एवढ्यात जाईल असं वाटतही नाही, आणि तुम्हीही घाई करू नका. पण एक वचन देते. खुर्चीचं मी कुणाला सांगणार नाही. काकांना नाही, आत्याला नाही, उद्या माझं लग्न झालं तर नवऱ्याला नाही, माझ्या लेकरांनाही नाही. अप्पांचा शब्द होता आणि तो पोरीनं मोडला, असंच गावात राहील. शाळेत तुमची आठवण निघाली, की तुम्ही खुर्चीवर बसलेलेच निघाल. बसा तिथं निवांत. कुणी उठवणार नाही तुम्हाला.

गावाच्या लेखी तुमचा शब्द मोडलेली,
तुमची लेक
विशाखा