राज्य कायम तिच्यावर

प्रिय आत्या,

मागच्या पत्रात मी तुला एक गोष्ट चुकीची कळवली. शाळेतल्या त्या सहावीच्या मुलीनं मधल्या सुट्टीत माझ्या खोलीत बसायला स्वतःहून मागितलं, असं लिहिलं होतं. तिनं नव्हतं मागितलं. मीच सुचवलं आणि ती "बरं, बाई" म्हणाली. 'आली आमची काटेकोर!' म्हणून तू हसशील. पण फरक एवढासा नाही, म्हणून सगळं नीट सांगते.

मुलीचे आईवडील दुसऱ्या देशातून कामाला आलेले. वर्गात तिचा रंग सगळ्यांत गडद. पोरांनी एक खेळ काढलाय, 'डाग'. तिचा हात ज्याला लागेल त्याला डाग लागला. त्यानं तो पळत जाऊन दुसऱ्याला पुसायचा. जिन्यात, नळापाशी, प्रयोगशाळेत, सगळीकडे चालतो. वर्गशिक्षिकांना विचारलं तर वह्या तपासता तपासता म्हणाल्या, "अहो, पकडापकडी आहे ती. आपण नव्हतो का खेळत? तुम्ही समुपदेशक लोक फार खोल शिरता बाई." मग मुलीलाच विचारलं, तुझ्यावर राज्य येतं तेव्हा तू काय करतेस? बुटाची नाडी बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "मी खेळतच नाही. तरी राज्य माझ्यावरच असतं."

हे वाक्य मी नोंदवहीत उतरवायला हवं होतं. तिथे 'अडचणीचं स्वरूप' असा रकाना आहे. पण मुख्याध्यापकांनी आधीच बजावलं होतं, "शब्द जपून वापरा. आपल्या शाळेत वर्णद्वेष वगैरे काही नाही." माझी नोकरी अजून कायम व्हायची आहे. मी लिहिलं, 'वर्गाशी जुळवून घेण्यात अडचण'. खोटं तर नाही, अशी स्वतःची समजूत घातली. आत्या, अडचण कुणाची ते मी लिहिलंच नाही, आणि न लिहिल्यामुळे ती तिची झाली.

पुढचं सगळं त्या रकान्यातून निघालं. अडचण तिची, म्हणून सुट्टीत माझ्या खोलीत बसायचं तिनंच. ती खिडकीकडे पाठ करून चित्रं रंगवते. खेळ बंद पडलेला नाही. आता पोरं तिच्या रिकाम्या बाकाला शिवून डाग घेतात. आणि आता तिला मागे पडलेल्या मुलांच्या वेगळ्या वर्गात हलवायचं घाटतंय. गणितात ती वर्गात दुसरी आहे! त्याच्या संमतीपत्रावर सही हवी म्हणून तिच्या आईला बोलावलं. ती लाँड्रीतून थेट आली, हात अजून ओलसर. कागद तिला वाचता येईना, तेव्हा मी वाचून दाखवला, आवाज जमेल तितका गोड करून. ती म्हणाली, "तुम्ही तिच्या बाजूच्या. तुम्ही म्हणाल तिथे करते सही." आणि केली. मी पेनाचं टोपण लावत बसले.

मुख्याध्यापकांकडे दोनदा गेले. एकदा मध्येच फोन आला, एकदा त्यांनी चहा पाजून पाठवलं. वर्गाशी बोलायला एक तास मागितला, तर परीक्षा झाल्यावर बघू म्हणाले. नोंद बदलली तरी खेळ थांबायचा नाही, हे मला कळतं. कदाचित तिला हलवतीलही. माझ्या हातात एक वही आहे, बाकी काही नाही.

तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी लिहायला शिकले तेव्हा तू खोडरबर द्यायची नाहीस. चुकलेल्यावर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, म्हणायचीस. तशीच रेघ माझ्या त्या नोंदीवर मारून शेजारी मुलीचं वाक्य तिच्याच शब्दांत लिहायचं, त्यापुढे 'वर्णद्वेष' हा शब्द, खाली माझी सही. मग लाँड्रीत जाऊन तिच्या आईला ते आहे तसं वाचून दाखवायचं. आतापर्यंत चार वेळा वही उघडली आणि मिटली. मुलीला हलवायची बैठक शुक्रवारी आहे, आणि माझा माझ्यावर भरवसा नाही. म्हणून हे पत्र. ते तुला बुधवारी मिळेल. दिवस तुला ठाऊक असला, की मला 'उद्या करू' म्हणता येणार नाही. गुरुवार, सतरा तारीख, सकाळची पहिली घंटा व्हायच्या आधी.

तुझीच,
भित्री भाची