झेंडूच्या माळेचा दोरा

दसऱ्यानंतरचा रविवार, संध्याकाळ

कनेरगाव नाक्यावर सुमननं अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय काढला तरी माझ्या वडिलांची, अण्णांची जुनी अँबेसिडर पळतच राहिली. कशीबशी थांबवली तिनं. अन् मी ढाब्यावरच्या लोकांसमोर बायकोवर ओरडलो, "पाय हाये का दगड?"

"काढला व्हता मी पाय."

घरी येऊन बॉनेट उघडलं. कार्बोरेटरच्या थ्रॉटलमध्ये झेंडूच्या माळेचा दोरा अडकून बसलेला; पाय काढला तरी झडप मिटतच नव्हती. दसऱ्याच्या पूजेला इंजिनावर माळ घातली कुणी? मीच. ती तेव्हाच म्हणाली होती, "बाहेरून घाला, आत काहून?"

दोरा गुपचूप खिशात टाकला.

"काय निघालं?"

"कचरा." असं का म्हणालो मी? दोरा अजून खिशातच आहे.

तिनं चावी खिळ्याला अडकवली. "माझंच चुकलं असंल. आता तुमीच चालवा."

मी 'बरं' म्हणालो.