एकाच मळ्याची तीन सालं

कारभारणीस,
लांबून, पण मनापासून आशीर्वाद.

मी धडधाकट आहे. उजव्या हाताला टाके पडलेत म्हणून डाव्याने लिहितोय, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

काल तळघरात मालकांच्या दोन्ही मुलांनी एकाच द्राक्षमळ्याच्या लाल वाइनची तीन सालं चाखायला काढली. एक साल त्यांच्या वारलेल्या वडिलांच्या हातचं, पुढची दोन या दोघांची. पेले मीच भरले.

थोरला म्हणाला, "बाबांची मऊ, माझी भारदस्त. तुझी म्हणजे नुसतं व्हिनेगर!"

धाकट्याने थोरल्याची वाइन तोंडात घोळवली आणि त्याच्याच तोंडावर थुंकली. थोरल्याने बाटली टेबलावर फोडली आणि भावाच्या पोटात खुपसली. दुसरा वार मी हातावर झेलला. फरशीवर वाइन कुठली अन् रक्त कुठलं, कळेना.

आपल्या पोरांचा अबोला सुटला का गं?

आज कोठडीत थोरल्याला भेटलो. वाटलं, वकिलाचं विचारेल. तर गज धरून म्हणतो, "काका, त्याने डोळे उघडले का?"

मी हो म्हणालो. अजून उघडलेले नाहीत. तू तुझ्या देवाला सांग, म्हाताऱ्याचं एवढं खोटं खरं कर.

तुझाच,
घरधनी