बादलीभर खडे

३ फेब्रुवारी, रविवार

आज पुन्हा बादली! संध्याकाळी सहाला हे मागच्या दाराने आले, टेबलाशेजारी बादली आदळली आणि म्हणाले, “आजचे खडे वेगळेच दिसताहेत.” अकरा वर्षं दर रविवारी खडे वेगळेच दिसतात!

नदीकाठची हिऱ्यांची खाण बंद पडल्यावर तिथलं मैदान लोकांना खुलं केलं. तिकीट काढा, दिवसभर खणा, सापडला हिरा तर तुमचा. निवृत्तीनंतर दुसऱ्याच आठवड्यात यांनी कुदळ आणली. अजून मोहरीएवढंसुद्धा काही नाही. खणायचं यांनी, निवडायचं मी — कारण “तुझी नजर बारीक.” नजर बारीक म्हणे!

५ फेब्रुवारी, मंगळवार

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बारीक काम बंद. शिवण बंद, निवडणं-टिपणं बंद. म्हटलं, आणि हिरे शोधणं? त्यांना वाटलं, थट्टा करतेय.

घरी येऊन यांना सांगणारच होते. हे चाळणीची जाळी पुसत बसले होते, बाळाचं अंग पुसावं तशी. जीभ रेटेना.

७ फेब्रुवारी, गुरुवार

इथे तरी खरं लिहिते. गेले काही महिने मी नीट निवडतच नाही.

पूर्वी बादली आणली की हे अंगणात टबाशी उकिडवे बसायचे. पाण्यात चाळणी अशी गरागरा फिरवायची की जड खडे मधोमध गोळा व्हावेत. मग एका झटक्यात पालथी! वर बरोब्बर जड खड्यांचा काळालाल डोळा. तो चमचाभर डोळा मी चिमट्याने बघायचा, बाकीचं फेकायचं. हल्ली टबाशी बसतच नाहीत. “सगळंच बघ ना,” म्हणतात. बादलीभर कोण बघणार? वरवर चिमटा फिरवते, “काही नाही हो” म्हणते, आणि मागच्या कुंपणापलीकडे ओतून येते. त्यात हिरा असलाच तर तोही गेला. पाप लागेल मला. लागू दे! दमले मी.

१० फेब्रुवारी, रविवार

आज खड्यांना चहाची पत्ती चिकटलेली! “अहो, हे काय?” तर म्हणाले, “अगं, तिथे लोक स्टोव्हवर चहा करतात.” आणि लगेच पेपरात डोकं.

मी चिमटा फिरवत राहिले. हे समोर बसून. शेजारणीची कुरबूर, नळाची गळती, लेकीचा फोन — सगळं ऐकून घेतलं, वर दोनदा हसले. आठवडाभर आमचं हूं की चूं नसतं, बोलणं होतं ते या टेबलाशीच. डोळ्यांचं सांगायचं पुन्हा राहिलं. पुढच्या रविवारी नक्की. काय वाटेल ते होवो!

१४ फेब्रुवारी, गुरुवार

भाजीच्या दुकानात मैदानावरची तिकीटवाली भेटली. “काका बरे आहेत ना? चार महिने फिरकले नाहीत.”

बरे आहेत, म्हटलं. आणि पायांखालची जमीनच सरकली. मग दर रविवारी डबा घेऊन हा माणूस जातो कुठे? एकाहत्तराव्या वर्षी बाई की काय! तिरमिरीत पिशवी तिथेच विसरून निघाले. तीच बिचारी पिशवी घेऊन मागे धावत आली. म्हणाली, “शेवटचे आले तेव्हा उतारावर पडले हो. गुडघा. दोघांनी उचलून वर आणलं. घरी सांगू नका म्हणाले.”

पिशवी घेतली आणि तडक घरी आले.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी चहाचं गाळणं झटकायला मागे गेले. रोज तिथेच झटकते, कुंपणापलीकडे, अकरा वर्षांच्या खड्यांच्या ढिगावर. आज ढिगाकडे नीट पाहिलं. एका अंगाने उकरलेला. ओल्या मातीत बादलीच्या बुडाचा गोल ठसा.

चार महिने मी तेच खडे निवडतेय! मी फेकते, हे उचलून आणतात, भिजवतात आणि वर “आजचे वेगळेच”! आधी हसू फुटलं. एकटीच खो-खो हसले. मग रडूच आवरेना. दिवसभर बसतात कुठे? वाचनालयात? बाकावर, थंडीत? तो गुडघा घेऊन? माझ्यासमोर तासभर बसायला मिळावं म्हणून एवढा खटाटोप! अरे माणसा, नुसतं “बस गं जरा” म्हणायचं होतंस!

१७ फेब्रुवारी, रविवार

सकाळी यांनी बूट घातले. मीही घातले.

“तू कुठे?”

“तुमच्याबरोबर. मागच्या ढिगावर. आणि आज निवडायचं तुम्ही, माझे डोळे संपलेत.”

मटकन खुर्चीत बसले. एका बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. मग हळूच म्हणाले, “डबा दोघांचा घे. दिवस जातो त्यात.”