पाच वॅगनची मालगाडी

बाबा,

बाल्कनीत मी तुमचं मनमाडचं रेल्वे यार्ड बांधलंय आणि आता ते मला मोडताही येत नाही आणि ठेवताही येत नाही. कुणाला विचारावं तर यातलं कळणारी माणसं दोनच, एक तुम्ही आणि दुसरी आई. आईला विचारायची सोय उरलेली नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय. तुम्ही गेलात तेव्हा मी चौदा वर्षांची होते, आता एकोणसाठची आहे. तुम्ही मात्र अजून एक्केचाळीसचेच. तेव्हा कुठे मोठ्या बहिणीसारखा सूर लागला तर चालवून घ्या.

मी आणि आई नाशिक रोडला राहतो. एक खोली, स्वयंपाकघर, आणि सहा फूट लांब, अडीच फूट रुंद बाल्कनी. तुमच्यानंतर आईला रेल्वेत पाणीवालीची नोकरी मिळाली, त्यावर तिने मला शिकवलं आणि मी पाटबंधारे खात्यात ट्रेसर झाले. धरणांचे, कालव्यांचे नकाशे पारदर्शक कागदावर उतरवून काढायचे, हेच तेहतीस वर्षं केलं. लग्न केलं नाही, त्याची कारणं या पत्रात नकोत. एक साहेब म्हणायचे, "बाई, तो कालवा जरा सरळ दाखवा की, वरच्यांना बरं वाटेल." मी दाखवला नाही. मापाच्या बाबतीत मी तुमचीच पोर. तुम्ही पोळीसुद्धा मधोमध मोडायचात.

आईला आता दिसत नाही. काचबिंदूने आधी उजवा डोळा नेला, मग डावा. घरात ती हाताने वावरते, आणि भाजीत मीठ अजून माझ्यापेक्षा तिचंच अचूक पडतं. पण दोन वर्षांपासून तिने एकच धोशा लावला होता, मनमाडला ने. मागच्या हिवाळ्यात नेलं. आपलं क्वार्टर पाडलंय, तुमची सिग्नलची कॅबिन नाही, सांधे बदलायचे लिव्हर नाहीत, सगळं बटणांवर चालतं. ती काठी टेकत रुळांवरच्या पुलावर उभी राहिली, बराच वेळ ऐकत राहिली, आणि म्हणाली, "हे मनमाड नाय. मला दुसरीकडंच आणलंस तू."

मग मी मोबाईलवर पाहिलं की परदेशात लोक सुटकेसमध्येसुद्धा रेल्वे बसवतात, खरी चालणारी, बोटभर इंजिनाची. म्हटलं, आईला मनमाडला नेता येत नाही तर मनमाड तिच्या हाताखाली आणावं. वॉशिंग मशीन न्हाणीघरात गेलं, कपड्यांच्या दोऱ्या वर सरकवल्या, एक जुनं सपाट दार बाल्कनीत आडवं टाकलं. रूळ, इंजिन आणि वॅगन मागवल्या, बाकी सगळं घरचं. खडी म्हणून पिठाच्या चाळणीने चाळलेली वाळू, कॅबिन उदबत्तीच्या पुड्याची, तिच्यातल्या लिव्हर टाचण्यांच्या. शेजारच्या बाई डोकावून म्हणाल्या, "रिटायर झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात, तुम्ही खेळणी आणलीत." मी म्हटलं, ज्याची त्याची यात्रा. चार महिने मी खरोखर आनंदात होते. वाळूचे कण चिमटीने बसवताना तुम्ही शेजारी उभे आहात असं वाटायचं, आणि चुकलं की मीच तुमच्या आवाजात स्वतःला रागवायची.

पण अडीच फुटांत गाडी फिरवायची तर वळण घट्ट घ्यावं लागतं, आणि फारच घट्ट घेतलं की इंजिन रुळावरून उतरतं. ते वळण बसवता बसवता सगळी जागा संपली. अशा वेळी दोनच गोष्टी करता येतात, काही गाळायचं नाहीतर काही जवळ आणायचं. मी दोन्ही केलं. यार्डाच्या लायनी तीनवर आणल्या. मालधक्का गाळला. क्वार्टरांची रांग जाऊन एकटं आपलं क्वार्टर उरलं आणि ते कॅबिनपासून दोन वितींवर आलं. जन्मभर न केलेली लबाडी केली, माप सोडलं. म्हटलं, म्हातारीला काय कळणार आहे, तिला बरं वाटल्याशी कारण.

पहिल्या दिवशी आईने अंघोळ करून धुतलेलं लुगडं नेसलं, मग ती बाल्कनीत आली. स्टुलावर बसून दोन्ही हात पुढे केले.

"हे काय हाय?"

"आपलं क्वार्टर."

"नळ कुठं हाय?"

"नळ नाही केला, आई."

"मग कसलं क्वार्टर. निम्मं आयुष्य तर नळावर गेलं माझं."

नळ केला. मग तिला अंगणातला दगड हवा होता, तोही केला. रोज दुपारी ती यायची, उजव्या हाताची दोन बोटं पायांसारखी चालवत क्वार्टरातून निघायची, लायनी ओलांडायची आणि कॅबिनच्या जिन्याशी थांबायची. तुमचा जेवणाचा डबा घेऊन जायची ती वाट. जिन्याशी थांबून हसायची. "या टायमाला यांना लय भूक लागायची. वरून हात दाखवायचे, ये म्हणून." पंधरा दिवस आमच्या घरात सणासारखं होतं.

सोळाव्या दिवशी ती म्हणाली, "मालगाडी लाव. मधल्या लायनीला लाव, उभी."

मी काय समजायचं ते समजले, तरी लावली. न लावून काय केलं असतं?

बाबा, ती शपथ तुम्हाला आठवत असेलच. तुम्ही संध्याकाळी ड्यूटीवरून आलात आणि जेवला नाहीत. कोळसा वेचणारी एक बाई उभ्या मालगाडीखालून निघत होती आणि मागच्या टोकाला इंजिन जोडताना धक्का बसला, एवढंच तुम्ही सांगितलंत. पुढचं सांगितलं नाहीत. आपल्या वसाहतीत सगळेच वॅगनखालून जायचे, पूल कुठल्या कुठे, उभ्या गाडीला वळसा कोण घालणार? बाया डोक्यावरची पाटी आधी पलीकडे सरकवून मागून वाकून निघायच्या. तुम्ही मला जवळ बोलावलंत, आईचा हात धरून माझ्या डोक्यावर ठेवलात आणि म्हणालात, "पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांग. गाडी किती का वेळ उभी राहीना, खालून जाणार नाही." आईने सांगितलं. मग तुम्ही मलाही विचारलंत, मी मान डोलावली.

त्यानंतर वर्षही झालं नसेल. आई डबा घेऊन निघाली, लायनीशी पोचली तर मालगाडी आत येऊन उभी राहत होती. ती थांबली. गाडी हलेना. ड्रायव्हर शिट्टीवर शिट्टी देत होता, सिग्नल मिळेना. दोन्ही बाजूंना शेवट दिसत नव्हता. दोन बाया तिच्यासमोर खालून निघून गेल्या, एकीने हाकही मारली, चल गं. आई उभी राहिली. अर्ध्या तासाने पलीकडून आलेला पॉइंटमन, रुळांचे सांधे बघणारा माणूस, कॅबिनचा जिना चढला आणि त्याने ओरडून माणसं गोळा केली. गाडी हलवून वाट करेपर्यंत आणखी वेळ गेला. आई वर पोचली तेव्हा तुम्ही लिव्हरांच्या पायाशी पडलेले होतात, जीव गेलेला होता, आणि तुमचे हात अजून गरम होते. ही गरम हातांची गोष्ट तिने मला या सोळाव्या दिवशी सांगितली. पंचेचाळीस वर्षं मला ठाऊक नव्हती. आणखी एक सांगितलं. "मी तिथं उभी राहून यांनाच बोल लावत व्हते. म्हटलं, झोपला का काय हा माणूस, गाडी का सोडंना."

मग तिने माझी मालगाडी चाचपली. इंजिन, त्यामागे एक, दोन, तीन, चार, पाच वॅगन. संपली. तिची बोटं शेवटच्या वॅगनला वळसा घालून सरळ कॅबिनपाशी गेली. पुन्हा मागे आली, पुन्हा वळसा घालून गेली.

"एवढीच व्हती?"

"नाही गं. खूप मोठी होती. इथे जागा नाही म्हणून पाचच लावल्यात."

"पन वळसा घालता येत व्हता की मला. खालून जायची काय गरज? हे बघ, पोचले."

मी पुष्कळ समजावलं. माप म्हणजे काय, मी कुठे लबाडी केली, सगळं कबूल केलं. ऐकेना. शेवटी मी एक दोरी घेतली आणि खऱ्या मालगाडीची लांबी या रुळांच्या मापाने काढून तेवढी दोरी घरात पसरली. बाल्कनीतून निघून खोली ओलांडून ती स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत गेली. आईचा हात धरून तिला दोरीवरून चालवत नेलं. "बघ, एवढी होती. याला वळसा घालायचा म्हणजे तुला पाऊण तास लागला असता." ती ओट्याशी थांबली, टोक चिमटीत धरलं, आणि म्हणाली, "दोरीचं काय, कितीबी सोडता येती." आणि बाल्कनीत जाऊन पुन्हा त्या पाच वॅगनवरून हात फिरवत बसली. मी हौसेने केलेली वस्तू तिच्याविरुद्ध साक्ष देत होती आणि ती साक्ष तिला पटली होती.

तेव्हापासून ती दुपारची जेवत नाही. रागाने नाही, सांगते नंतर खाईन म्हणून. वॅगन काढून ठेवल्या तर रिकाम्या रुळावर बोटाने खुणा करते, इथून इथवर. डॉक्टर म्हणाले, वयोमानाने होतं, मन दुसरीकडे वळवा. कुठे वळवू? मी मनमाड केलं तेच मन वळवायला.

गेल्या आठवड्यात मी तिच्याशी खोटं बोलले. विळीवर भेंडी चिरत होते, मान वर न करता म्हणाले, "आई, तुला कधी सांगितलं नाही. तो पॉइंटमन मला नंतर एकदा भेटला होता. तो म्हणाला, बाबा गाडी यायच्या आधीच गेले होते. एका क्षणात. तू उडत गेली असतीस तरी उपयोग नव्हता." असं कुणीही मला सांगितलेलं नाही. तो माणूस मला पुन्हा कधी दिसलाही नाही. पण बोलून झाल्यावर मला वाटलं, सुटलो आपण दोघी. हे आधीच का सुचलं नाही.

आई भिंतीला टेकून बसली होती. मग तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग ती गाडी आत घेतली कोनी?"

बाबा, मी विळी मिटली. त्या टोकाच्या कॅबिनमध्ये तुम्ही एकटेच असायचात. तुम्ही लिव्हर ओढल्याशिवाय त्या लायनीवर गाडी येऊच शकत नव्हती. गाडी आली म्हणजे तुम्ही होतात. तुम्हीच ती आत घेतलीत, आईच्या आणि तुमच्या मध्ये, आणि मग ती सोडायला तुम्ही उठू शकला नाहीत. एवढी वर्षं मी नकाशे काढले आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आई शाळेत गेली नाही, तिला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कॅबिनवाल्याची बायको आहे ती. "राहू दे," ती म्हणाली, "तू माझ्यासाठी बोललीस, कळलं मला." आणि भेंडीची ताटली चाचपून स्वतःकडे ओढून घेतली.

मला राग येतो. कधी तिचा, फार करून माझाच, आणि आज दुपारी तुमचा आला. एका बाईचं जे झालं ते पाहून तुम्ही दुसरीला कायमचं रुळाच्या अलीकडे उभं करून ठेवलंत. शपथ घालायचीच होती तर नुसती घालायची होती, माझं डोकं कशाला मध्ये आणलंत? तिला त्या दिवशी तुमच्यात आणि माझ्यात निवडायला लागलं, आणि तिने मला निवडलं. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण आता ती वॅगनवरून हात फिरवते आणि मी शेजारी बसते तेव्हा मला त्याचं ओझं होतं. यार्ड मोडावं म्हटलं तर दाराला हात लावू देत नाही. म्हणते, माझं घर हाय त्यात.

आत्ता दुपारचे साडेतीन वाजलेत. ती बाल्कनीत आहे, मी इथे ओट्यावर कागद ठेवून उभ्याने लिहितेय. तिने मघाशी विचारलं, "काय खरडतीस?" मी म्हटलं, हिशोब. या घरात येणारा-जाणारा प्रत्येक कागद मी तिला वाचून दाखवते, लाइटच्या बिलापासून लग्नपत्रिकेपर्यंत. हा दाखवणार नाही, आणि फाडूनही टाकणार नाही, कुठेतरी नकाशांच्या गुंडाळीत जाईल. कारण एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, आणि ती तिला कळली तर तिचं ते उभं राहणं फुकट जाईल. माझी शाळा रुळांच्या पलीकडे होती. शपथ फक्त आईने पाळली. मी रोज वॅगनखालूनच जात होते, दप्तर आधी पलीकडे ढकलून. त्या दिवशीसुद्धा सकाळी तशीच गेले होते.